मिसळणाच्या डब्यातली शस्त्रं

मोहरीचे चार दाणे तळहातावर घ्या आणि हुंगून बघा. वास येतो? जवळजवळ नाहीच. आता तेच दाणे दाढेखाली धरून बारीक चावा, पण लगेच गिळू नका. आधी थोडं कडवट लागेल. मग क्षण-दोन क्षण जातील आणि नाकात असा झटका बसेल की डोळ्यांत टचकन पाणीच येईल!

गंमत अशी, की हा झटका दाण्यात आधीपासून नव्हताच. तुम्ही दाणा चावलात म्हणून तो तयार झाला.

मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन नावाचं एक द्रव्य असतं आणि मायरोसिनेज नावाचं एक एन्झाइम असतं. दोघं अगदी शेजारी राहतात, पण मध्ये भिंत. दाणा चिरडला, थोडी ओल मिळाली, की ती भिंत पडते. दोघं एकत्र येतात आणि त्यातून एक झणझणीत द्रव्य तयार होतं. ते चटकन हवेत उडतं, म्हणून जिभेवर थांबायच्या ऐवजी सरळ नाकात चढतं. आजी लोणच्यासाठी किंवा काकडीच्या कोशिंबिरीसाठी मोहरी पाण्यात फेसते ना, तेव्हा ती हेच करत असते. लोणच्यात हे द्रव्य नुसती चव आणत नाही, बुरशीलाही लांब ठेवायला मदत करतं.

मग फोडणीतली मोहरी नाकात का जात नाही? कारण कडकडीत तेलात ते एन्झाइम टिकत नाही. दाण्यातल्या पाण्याची वाफ होते, दाणा तडतडतो, खमंग वास सुटतो, पण झटका देणारं द्रव्य बनायची वेळच येत नाही.

पण मोहरीच्या झाडाला ही उठाठेव हवीच कशाला? आपल्या लोणच्यासाठी तर नक्कीच नाही. झाडाला पाय नसतात. अळी पान कुरतडायला लागली, तर ते पळून जाऊ शकत नाही की तिला झटकून टाकू शकत नाही. म्हणून झाडं रसायनं बनवतात. अळीनं पान चावलं रे चावलं, की तिच्या तोंडातच झणझणीत द्रव्य तयार! मोहरी, मुळा आणि कोबी एकाच कुळातले, आणि तिघांकडेही हीच युक्ती आहे. अर्थात अळ्याही काही कमी नाहीत. कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळीनं हे शस्त्र निकामी करायची पद्धत स्वतःच्या पोटात तयार केली आहे. तिची आई तर अंडी घालायला योग्य झाड कोणतं, हे याच कुळातल्या द्रव्यांवरून ओळखते.

आता मिसळणाचा डबा उघडा आणि या नजरेनं त्याच्याकडे बघा. त्यातले बहुतेक वास आणि तिखटपणा कुठल्या ना कुठल्या झाडानं स्वतःच्या बचावासाठी बनवलेले आहेत. डब्याबाहेरचे कांदा-लसूणही त्यातलेच. अख्ख्या लसणीला फारसा वास नसतो, ठेचली की घमघमते. कांदा कापला की डोळे चुरचुरतात. दोन्हीकडे युक्ती मोहरीसारखीच आहे, फक्त द्रव्यं वेगळी.

मिरचीची गोष्ट मात्र निराळी, आणि मला ती सगळ्यांत आवडते. मिरचीतल्या तिखट द्रव्याचं नाव कॅप्सेसिन. पुष्कळांना वाटतं तिखटपणा बियांत असतो. खरं तर तो असतो बिया ज्याला चिकटलेल्या असतात, त्या आतल्या पांढऱ्या भागात. बियांना तो नुसता लागलेला असतो.

आपल्या जिभेतल्या मज्जातंतूंच्या टोकांवर एक खास प्रथिन असतं. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वरची उष्णता लागली, की ते मेंदूला ‘भाजतंय!’ असा निरोप पाठवतं. कॅप्सेसिन नेमकं त्याच प्रथिनाला जाऊन चिकटतं. म्हणजे जीभ भाजलेली नसते, पण मेंदूला वाटतं भाजली. म्हणून तर ठेचा खाल्ल्यावर घाम फुटतो, शरीर स्वतःला गार करायला बघतं. हे प्रथिन अमेरिकेतल्या डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञानं मिरचीच्याच मदतीनं शोधून काढलं, आणि 2021 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. मिरचीमुळे नोबेल!

आता सांगा, पोपट मिरची एवढ्या आवडीनं कसा खातो? पक्ष्यांमध्येही तसंच प्रथिन असतं, पण कॅप्सेसिनला ते दाद देत नाही. पोपटाला मिरची तिखट लागतच नाही! आणि हे मिरचीच्या फार सोयीचं आहे. उंदरासारखे प्राणी दातांनी बिया चावून भुगा करतात. पक्ष्यांना दातच नाहीत. बरेच पक्षी रानमिरची गिळतात, दूर उडून जातात आणि विष्ठेतून बिया सहीसलामत नव्या जागी टाकतात. बिया फोडणाऱ्यांना हाकलायचं आणि बिया पेरणाऱ्यांना खाऊ द्यायचं, ही दोन्ही कामं एकच द्रव्य करतं.

तिखट लागलं की आपण घटाघटा पाणी पितो, आणि आग काही जात नाही. कॅप्सेसिन पाण्यात नीट विरघळतच नाही. दूध किंवा दही खा. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन कॅप्सेसिनला पकडून जिभेवरून दूर नेतं. आणि मिरचीत नुसता तिखटपणा नसतो बरं का. हिरव्या मिरचीत तेवढ्याच वजनाच्या संत्र्यापेक्षा जास्त ‘क’ जीवनसत्त्व असतं. हंगेरीच्या आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांना अभ्यासासाठी भरपूर ‘क’ जीवनसत्त्व हवं होतं, ते त्यांना त्यांच्या गावच्या लाल मिरच्यांतून मिळालं. त्यांनाही 1937 मध्ये नोबेल मिळालं.

ही मिरची मूळची आपली नव्हे. ती दक्षिण आणि मध्य अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जहाजांतून ती गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली आणि देशभर पसरली. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या स्वयंपाकात मिरची नव्हतीच. तेव्हा तिखटपणासाठी मिरे, आलं आणि पिंपळी होती.

हिंगही बाहेरचाच, आणि अजूनही तो बहुतेक परदेशातूनच येतो. अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तान अशा थंड, कोरड्या प्रदेशांत हिंगाची झाडं वाढतात. मूळ कापलं की चीक येतो, तो वाळला की हिंग. उग्र वास त्यातल्या गंधकाच्या द्रव्यांचा. तो इतका उग्र, की बाजारातल्या डबीत पीठ आणि डिंक मिसळून त्याला सौम्य करावं लागतं. भारतात हिंग पिकवायचा म्हणून पालमपूरच्या शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर 2020 मध्ये हिमाचल प्रदेशातल्या लाहौल खोऱ्यात पहिलं रोप लावलं. मूळ कापण्याजोगं व्हायला हिंगाच्या झाडाला सुमारे पाच वर्षं लागतात, त्यामुळे शेतकऱ्यांना भरपूर धीर धरावा लागतो.

आणि आता हळद. सांगलीची हळद तुम्ही ऐकली असेल. तिथल्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं खणून त्यांत हळद साठवत. हळदीचं रोप बियांपासून येत नाही, जमिनीतल्या कंदाचंच बेणं लावतात. रंग देणारं द्रव्य म्हणजे कर्क्युमिन. प्रयोगशाळेत ते जंतूंची वाढ रोखताना आणि सूज कमी करताना दिसतं. पण पोटात गेल्यावर त्यातलं फार थोडंच रक्तात पोचतं. स्निग्ध पदार्थांत ते विरघळतं आणि मिऱ्यांतल्या पायपरीन या द्रव्यामुळे जास्त शोषलं जातं. म्हणून तेलात परतलेली हळद आणि जोडीला मिरपूड ही चांगली जोडी आहे. तरी हळद म्हणजे औषध नव्हे. ताप आला तर डॉक्टरांकडे जायचं आणि खरचटलं तर जखम स्वच्छ पाण्यानं धुऊन घरातल्या मोठ्यांना दाखवायची.

हळदीसाठी एकदा मोठी लढाई झाली. 1995 मध्ये हळदीनं जखम भरते या गोष्टीवर अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला पेटंट मिळालं, म्हणजे हा जणू त्यांचाच नवा शोध! गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनं जुनी पुस्तकं आणि शोधनिबंध पुरावे म्हणून मांडले, हे ज्ञान भारतात आधीपासून आहे हे सिद्ध केलं, आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. आपल्या आज्यांना जे ठाऊक होतं, ते कागदोपत्री सिद्ध करायला एवढी मेहनत लागली.

एक प्रयोग मोठ्यांना सांगून करा. पाण्यात हळद कालवून पांढऱ्या कागदाला लावा आणि वाळवा. त्यावर साबणाचं पाणी लावा. पिवळा कागद लालसर होईल. कुंकू हळदीत चुना मिसळून करतात, तिथेही रंग असाच पालटतो. आता त्या लाल डागावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा! कागदांच्या पट्ट्या करा आणि ताक, खायच्या सोड्याचं पाणी, चिंचेचं पाणी, शाम्पू यांनी काय होतं ते वहीत लिहा. प्रयोगात सदऱ्यावर हळद सांडली तर सदरा धुऊन कडक उन्हात वाळत घाला. प्रकाशात कर्क्युमिनची मोडतोड होते आणि डाग पुष्कळ फिका पडतो.