आवाज न करता येणारे मरण



उन्हाळा लागला, विहिरींनी तळ गाठला, की गाळ काढायची कामे निघतात. आणि त्याच सुमारास वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक बातमी हमखास येते. विहिरीत एक गडी उतरला, तो वर आला नाही. त्याला काढायला भाऊ उतरला, तोही आला नाही. मग शेजारी उतरला. संध्याकाळी तिघांना वर काढले, तिघेही गेलेले. अंगावर जखम नाही, सापाचा दंश नाही, कोणी ओरडल्याचे ऐकू आले नाही. बुडाले म्हणावे, तर विहिरीत पाणी जेमतेम घोट्याएवढे.

अशा वेळी गावच्या पारावर काय बोलणे होते, ते तुम्हाला ठाऊकच आहे. विहिरीला बाधा आहे, तिने बळी घेतला, पहिल्याने बाकीच्यांना आत ओढले. मरण चमत्कारिक आहे, हे खरेच. पण त्याचे कारण अगदी साधे आहे, आणि ते ज्याला कळले तो पहिल्या माणसाला नाही, तरी मागाहून उडी घेणाऱ्या दोघांना नक्की वाचवू शकतो. म्हणून आज हा विषय घेतला.

तो समजावा म्हणून आधी थोडे लांब, आफ्रिकेत जाऊ. आपल्या विहिरीत जे दोघातिघांवर गुदरते, ते तिथे एका रात्रीत साऱ्या खोऱ्यावर गुदरले होते.

पश्चिम आफ्रिकेत कॅमेरून नावाचा देश आहे. तिथल्या डोंगराळ मुलखात न्योस नावाचे तळे आहे. जुन्या ज्वालामुखीच्या तोंडात पाणी साचून झालेले, दिसायला शांत, पण खोल किती? दोनशे मीटरांहून जास्त. म्हणजे आपल्या दहा पुरुष विहिरी एकावर एक रचल्या तरी तळ लागायचा नाही. तळ्याच्या खालच्या अंगाला न्योस, चा, सुबुम अशी गावे. शेती करणारी, गुरे राखणारी माणसे.

२१ ऑगस्ट १९८६ चा दिवस. रात्रीचे नऊ वाजले असतील. जेवणे उरकून कोणी निजले होते, कोणी चुलीपाशी बसले होते. आणि बसल्या जागी माणसे कलंडली. सकाळी पाहावे तो गोठ्यात गुरे मरून पडलेली, घरात माणसे मरून पडलेली. मेलेल्या जनावरांवर माशीसुद्धा घोंघावत नव्हती, कारण माश्याही मेल्या होत्या. घरे मात्र जशीच्या तशी उभी. झाडे उभी. कुठे आग नाही, पूर नाही, लुटालूट नाही. काही थोडी माणसे कित्येक तासांनी शुद्धीवर आली, तेव्हा शेजारी बायकामुले गतप्राण झालेली. घरातले दिवे विझलेले होते, आणि दिव्यात तेल शिल्लक होते.

तेल असताना दिवा विझला, एवढे लक्षात ठेवा. या गोष्टीची किल्ली तिथेच आहे.

त्या रात्री १,७४६ माणसे आणि सुमारे साडेतीन हजार गुरे दगावली. तळ्यापासून पंचवीस किलोमीटरांवरची माणसेसुद्धा सुटली नाहीत. मात्र उंचावर राहणारे बरेचसे वाचले. बातमी पसरली तशी देशोदेशीचे शास्त्रज्ञ तिथे धावले. त्यांना आढळले ते असे. तळ्याच्या तळाखालून, पृथ्वीच्या पोटातून, कार्बन डायऑक्साईड नावाचा वायू सतत झिरपत होता आणि खोल पाण्यात विरघळून राहत होता. सोड्याच्या बाटलीत असतो तसा. बूच घट्ट आहे तोवर बाटली शांत असते. तळ्यात वरच्या पाण्याचा भार हेच बूच. त्या रात्री काही निमित्ताने तळाचे पाणी हलले, वर आले, वरचा भार कमी झाला, आणि बाटली हलवून बूच काढावे तसे सारे तळे फसफसून उठले. वायूचा लोट बाहेर पडला आणि खोऱ्यातून खाली वाहत गेला.

वायू खाली का वाहिला? कारण तो हवेच्या दीडपट जड असतो. पाण्यासारखा तो सखल जागा धरतो. म्हणून उंचावरचे वाचले आणि खोलगटातले गेले. ना त्याला रंग, ना त्याचा धूर. आपल्या नेहमीच्या हवेत दहा हजार भागांत तो चार भाग असतो आणि काही बिघडवत नाही. पण शंभरात दहा भाग झाला, की धडधाकट माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होतो, आणि त्याहून जास्त झाला तर चार श्वासही पुरतात.

दोनच वर्षे आधी, १९८४ साली, त्याच देशात मोनून नावाच्या तळ्यापाशी ३७ माणसे अशीच गेली होती. आणि गंमत बघा, त्या मुलखातल्या जुन्या लोककथांत तळी फुटल्याच्या, माणसे गिळल्याच्या गोष्टी पूर्वीपासून होत्याच. लोकांनी पाहिलेले खरे होते, फक्त कारण ठाऊक नव्हते. कारण कळल्यावर उपाय निघाला. २००१ साली न्योस तळ्यात तळापर्यंत एक नळ सोडला. सुरुवातीला पंपाने पाणी थोडे वर खेचले, आणि मग वायूच्याच जोराने ते आपोआप उसळू लागले. भूत म्हणून हात जोडून बसले असते, तर हे झाले नसते.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठे आहे असले तळे? तळे नाही, पण खड्डे आहेत. पहिला खड्डा म्हणजे पेव.

एखाद्या गोष्टीची चंगळ झाली, की आपण सहज म्हणतो, "अमक्याचे नुसते पेव फुटले आहे." शहरातल्या पुष्कळांना पेव कसले ते माहीतही नसेल. जमिनीत खोल खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात मोठा, घागरीसारखा खड्डा. आत काड लावायचे, ज्वारी भरायची, तोंड बंद करून वर माती लोटायची. सांगलीजवळचे हरिपूर तर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या बऱ्याच पेवांचे २००५ च्या महापुरात नुकसान झाले.

पेवातले धान्य वर्षानुवर्षे का टिकते, याचा विचार केला आहे का कधी? धान्याचा दाणा जिवंत असतो. तो श्वास घेतो. त्याच्याबरोबरचे किडे आणि बुरशीही श्वास घेतात. तोंड बंद असल्याने आतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि त्याच्या जागी कार्बन डायऑक्साईड साठतो. मग किडे गुदमरून मरतात आणि धान्य सुरक्षित राहते. आपल्या पूर्वजांनी ही युक्ती अनुभवाने साधली. पण ज्या हवेत किडा जगत नाही, तिथे माणूस कसा जगेल? जी हवा धान्य राखते, तीच पेव उघडताच घाईने आत उतरणाऱ्याचा जीव घेते.

दुसरा खड्डा म्हणजे जुनी, वापरात नसलेली विहीर. तिच्यात पालापाचोळा कुजतो, गाळ आंबतो. कुजणे म्हणजेही प्राणवायू खाणे. त्यात वारा तळापर्यंत पोचत नाही. शिवाय विहिरीत तेलाचे इंजिन उतरवून चालवले, तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड आत कोंडतो. हा वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो, आणि त्याला वासही नाही.

तिसरा खड्डा म्हणजे सेप्टिक टाकी, गटाराचे भुयार आणि गोबरगॅसची टाकी. इथे पेट घेणारा मिथेन असतो आणि त्याच्या जोडीला सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाईड. हा फार कावेबाज. थोडा असला तर घाण वास येतो. जास्त झाला, की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटते, वास गेला, आता उतरायला हरकत नाही. तिथेच घात होतो.

आता मुख्य प्रश्न. गुदमरणारा माणूस ओरडत का नाही? हवेच्या शंभर भागांत प्राणवायूचे एकवीस भाग असतात. ते दहाच्या खाली आले, की शुद्ध हरपते. पाचसहावर आले, की काही मिनिटांत खेळ संपतो. पण आपल्या शरीराला प्राणवायू कमी झाल्याची वर्दी नीट मिळत नाही. आपला जीव घुसमटतो तो मुख्यतः अंगात कार्बन डायऑक्साईड साठला म्हणजे. नुसता प्राणवायू घटला, तर घुसमट न होताच गुडघे वाकतात. आणि जिथे दूषित वायू दाट असतो, तिथे घुसमट जाणवेपर्यंत शुद्ध गेलेली असते. हाक मारायला सवड मिळत नाही.

वर उभ्या असलेल्याला काय दिसते? दोन मिनिटांपूर्वी बोलत असलेला भाऊ खाली आडवा पडला आहे. त्याला वाटते, घेरी आली, उन्हाने चक्कर आली. रक्ताचे नाते स्वस्थ बसू देत नाही. तो उतरतो, वाकतो, भावाच्या काखेत हात घालतो, आणि वाकतो तिथेच वायू सर्वांत दाट असतो. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेने १९८६ साली बजावले होते, की अशा कोंदट जागी मेलेल्यांत शंभरातले साठांहून अधिक लोक दुसऱ्याला वाचवायला गेलेले असतात. विहीर कोणाला ओढत नाही, मंडळी. माया ओढते. आणि मायेला हवेची माहिती नसते.

आपल्याकडे पेवात उतरण्याआधी ते उघडे ठेवून दोराने पेटता कंदील आत सोडायची चाल आहे. कंदील विझला, तर माणूस उतरत नाही. ही चाल शहाणपणाची आहे. प्राणवायू सोळासतरा भागांवर आला, की ज्योत विझते. माणसाची शुद्ध त्याच्याही खाली गेल्यावर हरपते. म्हणजे कंदील आपल्याआधी मरतो आणि आपल्याला सांगून मरतो. न्योसच्या घरांतले दिवे तेल असून का विझले, ते आता उमगले ना?

पण कंदिलावर सारा भरवसा टाकू नका. हायड्रोजन सल्फाईड आणि कार्बन मोनॉक्साईड प्राणघातक प्रमाणात असले, तरी ज्योत खुशाल जळत राहते. आणि गोबरगॅसच्या किंवा सेप्टिक टाकीत पेटता दिवा सोडणे म्हणजे दारूच्या कोठारात काडी ओढणे. तिथे ज्योत, विडी, ठिणगी काहीही नको. आता वायू मोजणारी लहान यंत्रे मिळतात. खरी खात्री त्यांचीच.

तेव्हा चार गोष्टी पदरात बांधा. एक, पेव किंवा जुनी विहीर पुष्कळ वेळ उघडी ठेवा, पंख्याने किंवा ब्लोअरने स्वच्छ हवा तळापर्यंत सोडा आणि हवा पारखल्याशिवाय कोणाला उतरवू नका. दोन, उतरणाऱ्याच्या अंगाला आधीच दोर बांधा आणि वर दोनतीन दणकट माणसे उभी करा. तो गप्प झाला, की दोर ओढायचा. मागोमाग उतरायचे नाही. तीन, दोर नसताना कोणी आत पडलाच, तर वरून हवा सोडा, ११२ वर फोन करा, अग्निशामक दल बोलवा आणि धावत आलेल्या आप्तांना मिठी मारून अडवा. ते शिव्या देतील, पण जगतील. चार, सेप्टिक टाकीत माणूस उतरवूच नका, यंत्राने उपसून घ्या. संरक्षक साधनांवाचून अशा टाकीत माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात आणि टाक्यांत मेलेल्यांच्या घरच्यांना तीस लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली सांगितले. पोटासाठी उतरणाऱ्या गरिबाचे मरण दैवावर ढकलू नये, हाच त्याचा अर्थ.

गुरुजी आणि बाई, आता एक विनंती तुम्हाला. वर्गात एका रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत एक बुटकी आणि एक उंच अशा दोन मेणबत्त्या पेटवून ठेवा. दुसऱ्या उंच भांड्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून दोनतीन लिंबे पिळा. फसफस ओसरली, की ते भांडे बरणीवर हलकेच कलते करा. पाणी सांडू द्यायचे नाही, फक्त वरचा न दिसणारा वायू ओतायचा. आधी बुटकी मेणबत्ती विझेल. उंच जळत राहील, मग तीही विझेल. मुलांना विचारा, विहिरीच्या तळाशी वाकलेला माणूस यांतली कोणती मेणबत्ती? उत्तर मुलेच देतील, आणि संध्याकाळी घरी जाऊन सांगतीलही. पुढच्या उन्हाळ्यात विहिरीच्या काठावर बाप उडी घ्यायला निघेल, तेव्हा त्याच्या धोतराचा सोगा धरणारे पोर बहुधा तुमच्याच शाळेतले असेल.

रामराम.