बिडाचा तवा : आधी ब्रेक-इन, मग डोसा!

पीएलमध्ये मेस बंद, म्हणून नवा बिडाचा तवा आणून लगेच डोसे घालाल, तर हाती काळे, लोखंडाच्या चवीचे तुकडेच येणार. (रेक्टर सर, गॅस बाहेर राहणाऱ्या मित्राचा आहे!) गंजू नये म्हणून नव्या तव्याला तेल किंवा मेण फासलेलं असतं. ते साबण-गरम पाण्याने घासून काढा आणि तवा लगेच गॅसवर कोरडा करा. मग सूर्यफुलाचं तेल लावा आणि इतकं पुसा की तवा कोरडाच वाटला पाहिजे. सगळे फसतात ते इथेच, कारण जाड थर चिकटच राहतो. खिडकी उघडून धूर येईपर्यंत तापवा, थंड करा. असं चार-पाच वेळा. तेलाचं चक्क पॉलिमर बनतं, केमिस्ट्रीच्या तासाला झोपलात ना, तोच चॅप्टर! टोमॅटो-चिंच सुरुवातीला नको, आंबटाने थर उतरतो. एवढं करूनही पहिला डोसा चिकटला, तर तो गॅसवाल्या मित्राला द्या.