आवाजाच्या वाटा : आधी वेगळ्या, मग एकत्र

नानी-दादीच्या तोंडच्या जुन्या गोष्टी आणि लग्नातली गाणी रेकॉर्ड करून ठेवावीत, असे पुष्कळ घरांतल्या मुलांना वाटते. मोबाइलवर ते होतेही. पण ऐकताना अडचण कळते. नानीचा आवाज बारीक येतो आणि प्रश्न विचारणाऱ्या नातीचा मोठा. नानीचा वाढवावा तर नातीचाही वाढतो, कारण दोन्ही एकाच फाइलमध्ये मिसळलेले असतात.

यावर उपाय म्हणजे संगणकावरील रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधले 'राउटिंग'. शब्द नवा वाटला तरी अर्थ साधा आहे : कोणता आवाज कोठून आत येतो, कोणत्या वाटेने जातो आणि कोठे पोहोचतो, हे आपण ठरवणे. विहिरीचे आणि नळाचे पाणी एका हौदात सोडल्यावर पुन्हा वेगळे करता येत नाही. आवाजाचेही बरेचसे तसेच आहे.

उदाहरणासाठी 'रीपर' हे सॉफ्टवेअर घेऊ. ते ६० दिवस मोफत वापरून पाहता येते. त्याच्याबरोबर दोन माइक आणि दोन इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस लागेल. हे लहानसे यंत्र माइकचा आवाज यूएसबीने संगणकाला पुरवते. माइक कंडेन्सर प्रकारचा असेल, तर इंटरफेसवरचे ४८ व्होल्टचे बटन चालू करावे.

आता दोन ट्रॅक तयार करा. एकाला 'नानी' आणि दुसऱ्याला 'नात' असे नाव द्या. पहिल्याच्या इनपुटमध्ये 'मोनो इनपुट १' आणि दुसऱ्याच्या इनपुटमध्ये 'मोनो इनपुट २' निवडा. येथे नवखे लोक 'स्टिरिओ' निवडतात. मग एकाच ट्रॅकवर नानी डाव्या कानात आणि नात उजव्या कानात ऐकू येते. दोन्ही ट्रॅकवरचे लाल बटन दाबले की ते रेकॉर्डिंगला तयार होतात.

आवाजाची पातळी इंटरफेसच्या गेन बटनाने ठरवावी. मोठ्याने बोलतानाही मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला तर पुरे. ट्रॅकवरची सरकपट्टी, म्हणजे फेडर, ही वाटेत पुढे येते. ती खाली ओढल्याने ऐकू येणारा आवाज कमी होतो, पण आत येतानाच फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. तसेच रेकॉर्डिंग चालू असताना स्पीकर बंद ठेवून हेडफोन लावावा. नाहीतर स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि कर्कश शिट्टी वाजते.

दोन्ही ट्रॅक आपोआप 'मास्टर'मध्ये जाऊन मिळतात आणि तेथून आवाज हेडफोनकडे जातो. गाण्याला थोडा घुमारा हवा असेल तर तिसरा ट्रॅक करून त्यावर रिव्हर्ब लावा. मग ट्रॅकवरच्या 'राउट' बटनातून नानीच्या आवाजाचा एक फाटा तिकडे पाठवा. याला 'सेंड' म्हणतात. मूळ आवाज आपल्या वाटेने जातच राहतो. फाटा नेहमीच्या पद्धतीने फेडरनंतर निघत असल्याने नानीचा आवाज कमी केला की घुमाराही त्याच प्रमाणात कमी होतो. साध्या गोष्टीला मात्र घुमारा नसलेलाच बरा.

काहीच ऐकू आले नाही तर घाबरून सगळी बटने दाबू नका. वाट सुरुवातीपासून तपासा. इंटरफेसवरचा दिवा लागतो का? ट्रॅकचा मीटर हलतो का? मास्टरचा हलतो का? हेडफोन योग्य ठिकाणी जोडला आहे का? जेथे हालचाल थांबते, तेथेच दोष सापडतो.

माइक दोन असले तरी ते एकाच खोलीत असतात, म्हणून एकीचा आवाज दुसरीच्या माइकमध्ये थोडा येणारच. प्रत्येकीचा माइक तिच्या तोंडाजवळ, एक वीतभर अंतरावर ठेवला आणि दोघींमध्ये थोडे अंतर राखले की ही मिसळ कमी होते.

शेवटी मास्टरमधून एकत्र फाइल काढून नातेवाइकांना पाठवा, पण दोन्ही ट्रॅकच्या मूळ फाइल जपून ठेवा आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवरही ठेवा. पुढे कोणाला फक्त नानीचा आवाज ऐकावासा वाटला, तर तो स्वतंत्र मिळेल. आणि बैठकीआधी दोघींचा अर्धा मिनिट आवाज घेऊन ऐकून पाहा. नानी तीच गोष्ट पुन्हा सांगेलही, पण त्याच शब्दांत आणि त्याच हसण्यासह सांगेल याची खात्री नसते.