ओळ सुचत नाही तेव्हा

मागच्या मार्चमध्ये एक गृहस्थ दवाखान्यात आले. वय पंचावन्नच्या पुढे. तक्रार पोटाची: जळजळ होते, भूक नाही, पहाटे तीनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. दर जयंतीला त्यांचे एक तरी नवे गीत वस्तीत गायले जाते हे मला ठाऊक होते, म्हणून सहज विचारले, "यंदा काय नवीन?" ते गप्प झाले. मग म्हणाले, "डॉक्टर, तेच तर दुखणं आहे. दोन वर्षं झाली, ओळच येत नाही. वही घेऊन बसतो, एक लिहितो, खोडतो. पोरं विचारतात म्हणून आता तालमीलाही जात नाही."

या अडण्याला आपल्याकडे कोणी दुखणे मानत नाही. लोक म्हणतात आळस आला, आणि लिहिणारा स्वतःशी म्हणतो की आपली प्रतिभा आटली. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोन्ही खरे नसते. झोप, भीती, दुःख, अंगातले एखादे न सापडलेले दुखणे, यांपैकी काहीतरी वाटेत आडवे आलेले असते, आणि त्यावर उपाय असतो.

डॉक्टरांच्या हाताने असा अडलेला माणूस पुन्हा उभा राहिल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण रशियातले आहे. संगीतकार सर्गेई रखमानिनोव्ह यांची पहिली सिंफनी, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीची दीर्घ रचना, १८९७ साली पीटर्सबर्गमध्ये वाजवली गेली. तेव्हा त्यांचे वय २३ होते. तयारी अपुरी, वादन वाईट, आणि वर एका समीक्षकाने या संगीताची तुलना इजिप्तवर कोसळलेल्या अरिष्टांशी केली. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे रखमानिनोव्ह यांच्या हातून मोठे असे काही उतरले नाही. १९०० साली नातलगांनी त्यांना मॉस्कोच्या डॉ. निकोलाय डाल यांच्याकडे पाठवले. जानेवारी ते एप्रिल ते जवळजवळ रोज तिथे जात. डाल संमोहनाचे उपचार करत आणि स्वतः हौशी वादकही होते. त्यांनी आधी झोप, भूक आणि मनःस्थिती सुधारण्यावर भर दिला, संगीतावर भरपूर गप्पा मारल्या आणि पुन्हा लिहिता येईल हा विश्वास हळूहळू मनात रुजवला. त्याच वर्षी पियानोसाठीच्या दुसऱ्या कॉन्चेर्टोचे काम सुरू झाले. १९०१ मध्ये ती रचना पूर्ण झाली आणि ती डॉ. डाल यांनाच अर्पण केलेली आहे.

यात संमोहनाचा वाटा किती, यावर वाद घालता येईल. मला स्वतःला वाटते की ठरल्या वेळी रोज कोणीतरी मनापासून ऐकून घेणारे मिळाले, हेच मोठे औषध ठरले असावे. दुसरी एक गोष्ट चटकन नजरेत येत नाही. त्या कोरड्या वर्षांत रखमानिनोव्ह यांनी एका खासगी ऑपेरा कंपनीत एक हंगाम वाद्यवृंद चालवला. लिहिणे बंद होते, तरी संगीताशी संबंध तुटलेला नव्हता. म्हणून आमच्या गृहस्थांना मी पहिली गोष्ट सांगितली ती ही की तालीम सोडू नका. गीत नसेल तर नसू द्या, ढोलकीवर बसा.

आता भीतीविषयी. अमेरिकेतले शिक्षक माइक रोझ स्वतः गरीब स्थलांतरित कुटुंबातून आले होते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील दहा विद्यार्थ्यांचा त्यांनी केलेला अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाला. पाच जण लिहिताना अडत, पाच अडत नसत. अडणारे काही कमी हुशार नव्हते. ते नियमांना घट्ट धरून बसले होते: पहिला परिच्छेद वाचकाला पकडणाराच हवा, तो जमल्याशिवाय पुढे जायचे नाही. उरलेले पाच जण नियम अडला की तो बाजूला ठेवून पुढे जात.

आपल्या लिहिणाऱ्यांच्या डोक्यातला हा पहारेकरी तर दुप्पट कडक असतो. घरातली शिकलेली पहिली किंवा दुसरी पिढी. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर हसतील, ही शाळेपासूनची धास्ती. त्यात विषय बाबासाहेबांचा असेल, तर ओळ तोलामोलाचीच हवी हे वेगळे दडपण. मग पहिलीच ओळ नापास होते आणि दुसरी जन्मालाच येत नाही. यावर उपाय साधा आहे, फक्त करवत नाही: लिहिण्याची वेळ आणि तपासण्याची वेळ वेगळी ठेवायची. सकाळी वीस मिनिटे जे येईल ते, अशुद्ध, बोलीत, बेतालही. खोडायचे ते संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी.

'मूड' लागल्यावर लिहीन, असे म्हणणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइस यांनी १९८०च्या दशकात प्राध्यापकांवर केलेल्या प्रयोगात रोज ठरवून लिहिणाऱ्यांना, मनाला येईल तेव्हा लिहिणाऱ्यांपेक्षा नव्या कल्पनाही जास्त सुचल्या. आपल्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' छोट्याशा दुकानात बसून, सवड मिळेल तसे लिहिले आणि कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. निवांत खोली त्यांना कोणी दिली नव्हती.

चालण्याचाही उपयोग होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एखाद्या वस्तूचे नवनवे उपयोग सुचवायला सांगितले तेव्हा चालणाऱ्यांना बसलेल्यांपेक्षा बरेच जास्त सुचले, अगदी कोऱ्या भिंतीसमोर यंत्रावर चालतानाही. एकच उत्तर असलेल्या कामात मात्र हा फायदा दिसला नाही.

दारूविषयी स्पष्ट बोलतो, कारण गाणाऱ्या-लिहिणाऱ्यांत 'घेतल्याशिवाय सुचत नाही' हे वाक्य फार ऐकू येते आणि त्यापायी चांगले गळे आणि चांगली घरे गेलेली मी पाहिली आहेत. दारूने गुंगी लवकर येते, पण स्वप्नांची झोप कमी होते आणि उत्तररात्री झोप मोडते. रात्री धीटपणा वाटतो तो उधारीचा असतो. दुसऱ्या दिवशी डोके आणखी जड होते.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे नुसते अडणे आणि नैराश्याचा आजार यांतला फरक ओळखणे. गीत सुचत नाही, पण नातवाशी खेळताना हसू येते, दुसऱ्याचे गाणे ऐकून मान डोलते, तर काळजीचे कारण कमी. पण दोन आठवडे किंवा जास्त, दिवसाचा बराच वेळ कशातच गोडी वाटत नसेल, भूक-झोप बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत असे वाटत असेल, तर तो आजार आहे. थायरॉइडची कमतरता, रक्त कमी असणे, बी-१२ कमी पडणे यांनीही माणूस असाच मंदावतो, म्हणून रक्त तपासून घ्यावे. मरणाचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. १४४१६ हा 'टेलि-मानस'चा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते.

आमच्या गृहस्थांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे जा म्हटले तेव्हा ते चिडले. "मी वेडा आहे का?" मी विचारले, "साखर वाढली असती तर गोळी घेतली असती ना?" उत्तर आले नाही. पण बोलता बोलता निघाले की ज्या थोरल्या भावाबरोबर ते तीस वर्षे गायले, तो दोन वर्षांपूर्वीच गेला. हिशेब त्यांनी कधी जुळवूनच पाहिला नव्हता. शेवटी पत्नीने हाताला धरून नेले. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर ते मनाने बंद करू नका, एवढे मी बजावले.

त्या जयंतीला त्यांचे नवे गीत नव्हते. ते ढोलकीवर बसले होते. जूनमध्ये परत आले तेव्हा झोप पाचपर्यंत लागत होती आणि पिशवीत वही होती. चार पाने भरलेली: गीत नव्हे, भावाच्या डफाची साधी हकीकत. "चाल अजून लागली नाही," म्हणाले, आणि मला पहिले पान वाचायला दिले.