कपाटातले गाजरगवत

पावसाळ्यात चिखली, मेहकर किंवा बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही गावाच्या वेशीवर जा. बारीक पांढऱ्या फुलांचे गाजरगवत तुम्हाला दिसेलच. त्यातील पार्थेनिन या द्रव्याच्या संपर्काने कित्येकांच्या अंगाला खाज सुटते, कातडी सुजते. परागकणांनी कोणाला शिंका येतात, कोणाला दमा होतो.

हे गवत आपल्याकडे केव्हा आले? परदेशी गव्हाबरोबर १९५० नंतर आले, असे तुम्ही ऐकले असेल. पुण्यात ते १९५५ साली आढळले आणि १९५६ मध्ये आर. एस. राव यांनी भारतातील नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद प्रसिद्ध केली. परंतु डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत याच वनस्पतीचा एक वाळवलेला नमुना होता. तो डीट्रिख ब्रँडिस यांचा, १८८० सालचा! गव्हाबरोबर पुढे फैलाव वाढला असेलही. पण आगमन त्याहून पाऊणशे वर्षे जुने. पुरावा होता, मात्र तो कपाटात होता.

वनस्पतिसंग्रहात झाडाची फांदी दाबून, वाळवून जाड कागदावर बसवतात. कोपऱ्यात चिठ्ठी असते: नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. चिठ्ठी नसेल तर नमुना म्हणजे नुसता पाचोळा!

आता अशा कागदांची छायाचित्रे घेऊन चिठ्ठीतील मजकूर संगणकात भरतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०२२ साली असा संगणकीय संग्रह सुरू केला. या संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्याला आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या वनस्पतींवरील दिवाकर व शर्मा यांचा ग्रंथही संस्थेनेच २००० साली काढला. पूर्वी नमुना पाहायला पुणे किंवा कोलकाता गाठावे लागे. छायाचित्र झाले की तो शाळेतही दिसतो.

याचा उपयोग काय? फुलांसह गोळा केलेल्या शेकडो नमुन्यांच्या तारखा एकत्र मांडल्या, की कोणत्या महिन्यात कशाचे पराग हवेत असतील याचा अंदाज येतो. दम्याच्या रोग्याला आधीच सावध करता येते. लोणारच्या विवरात आज वेडी बाभूळ माजली आहे. तिच्याआधी तेथे काय उगवत होते, याचे साक्षीदार जुने नमुनेच. मात्र दुर्मिळ औषधी वनस्पतीचे नेमके ठिकाण जाहीर केले, तर ती उपटून नेणारेही तेथे पोचतील. अशी ठिकाणे गुप्तच ठेवावी लागतात.

छायाचित्र झाले म्हणून मूळ नमुना टाकून देता येत नाही. पानातील रसायने किंवा डीएनए तपासायला खरे पानच लागते.

तुम्हीही करून पाहा. गाजरगवताला हात लावू नका. शाळेजवळच्या टाकळ्याची फुलांसह एक फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा. चिठ्ठीवर गाव, जागा आणि तारीख न विसरता लिहा. ब्रँडिस यांच्या नमुन्यावर तारीख नसती, तर आज आपल्याला काय कळले असते?