छप्पर, ऊन आणि मिस्त्रीशी करार

घर गार राखण्याचा विषय निघाला की श्रोत्यांपैकी निम्मे लोक पंख्याचा विचार करतात आणि उरलेले कूलरचा. छपराचा विचार फार थोडे करतात. आमच्या कुंडलसारख्या गावी मात्र उन्हाळ्यातील दुखण्याचे मूळ छपरातच आहे. त्यावर इलाज करण्यासाठी आपण ज्याला बोलावतो, त्या स्थानिक मिस्त्रीशी व्यवहार कसा करावा, हा आजच्या विवेचनाचा दुसरा भाग. पहिला भाग उष्णतेचा आहे. कारण काम समजल्याखेरीज करार करता येत नाही.

कुंडल सुमारे 17 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात दुपारी सूर्य आमच्या नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली काठीच्याच पायाशी जाते. त्या वेळी भिंतींवर ऊन तिरपे घसरून जाते. सगळा मारा छपरावर होतो. थंड देशांत घराच्या भिंती लोकरीसारख्या पदार्थांनी भरतात, कारण त्यांना घरातील ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते. आमची गरज उलटी आहे. दिवसा उष्णता आत येऊ नये आणि आली तर रात्री निघून जावी, एवढेच आम्हांला हवे. म्हणून पैसा थोडा असेल तर तो प्रथम छपरावर घालावा आणि रात्री वारा खेळण्यासाठी समोरासमोरच्या खिडक्या मोकळ्या ठेवाव्यात.

उष्णता तीन वाटांनी प्रवास करते. पदार्थातून सरकत जाते ते वहन, हवेबरोबर वाहते ते अभिसरण आणि तापलेल्या वस्तूपासून थेट अंगावर येते ते प्रारण. पत्र्याच्या घरात दुपारी डोके भणभणते ते मुख्यतः या तिसऱ्या वाटेने. जुन्या माळवदाच्या घरात हा त्रास नव्हता. लाकडी तुळयांवर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. तो तापेपर्यंत दिवस मावळत असे. पत्रा आला, त्याने पावसापासून सुटका केली, परंतु मातीचे हे उपकारही त्याच्याबरोबर गेले.

आता इलाज पाहू. सर्वांत स्वस्त इलाज पांढऱ्या रंगाचा. चुन्याचा ताजा शुभ्र हात उन्हाचा बराच मोठा भाग परत फेकतो. पण धूळ बसली की हा गुण उतरतो आणि पावसाने चुना धुपतो, म्हणून तो दर उन्हाळ्यापूर्वी द्यावा लागतो. अहमदाबादेत मे 2010 च्या उष्णतेच्या लाटेत नेहमीपेक्षा 1,300 हून अधिक मृत्यू झाले. त्यानंतर 2013 साली त्या शहराने उष्णतेविरुद्धची योजना आखली आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा हात देण्याचे काम हाती घेतले. तेलंगणाने 2023 साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. तेव्हा चुन्याच्या बादलीला कोणी हलके लेखू नये.

दुसरा इलाज पत्र्याखाली अस्तर लावण्याचा. चकचकीत फॉइल लावायची तर ती आणि पत्रा यांत इंचभर तरी पोकळी हवी. चिकटवून लावली तर तिचा निम्मा गुण वाया जातो. थर्मोकोल उष्णता उत्तम अडवतो. त्याचा एक इंच साधारण वीस इंच विटेच्या बरोबरीचा आहे. पण तो झटकन पेट घेतो. चुलीवर, गॅसच्या शेगडीजवळ आणि उघड्या वायरींशेजारी तो कदापि लावू देऊ नये.

तिसरा इलाज स्लॅबवरील वीटकोब्याचा. चार इंच कोबा म्हणजे एका ब्रासवर सुमारे पावणेदोन टनांचे ओझे. जुन्या स्लॅबची सळई गंजून पोपडे पडत असतील, तर हे ओझे घालण्यापूर्वी जाणकाराला दाखवावे.

येथवर पदार्थांचे झाले. आता माणसांचे.

आम्ही आयुष्य कामगारांच्या करारांवर वाद घालण्यात घालविले. परंतु स्वतःच्या घराचे छप्पर करावयाची वेळ आली तेव्हा आम्ही तोंडी बोलीवर विसंबलो. ठेकेदाराला उचल दिली. पत्र्याखालचे अस्तर अर्धे झाले आणि तो येईनासा झाला. चौथ्या दिवशी त्याचे दोन बिगारी आमच्या दारात उभे राहिले. त्यांना आठवड्याची मजुरी मिळाली नव्हती. आम्ही पैसे दिले होते, पण ते त्यांच्या हाती पडले नव्हते. ते बोलत नव्हते, नुसते उभे होते. आम्ही मजुरी पुन्हा दिली. नुकसान झाले, पण शिकवण मिळाली ती अशी: ठेकेदार निवडताना आपण केवळ छपराचा सौदा करीत नाही, त्या छपरावर चढणाऱ्यांच्या मजुरीचाही करीत असतो.

म्हणून कागद करावा. साधा वहीचा कागद चालेल, पण त्यावर पुढील गोष्टी असाव्यात. काम अंगावर आहे की रोजंदारीवर, सामान कोणाचे, अस्तराची जाडी किती, रंगाचे हात किती. मापाचा घोळ विशेष होतो. वाळू-मुरमाचा ब्रास म्हणजे 100 घनफूट. गिलाव्याचा आणि रंगाचा ब्रास म्हणजे 100 चौरस फूट. नाळीच्या लोखंडी पत्र्याला रंग देताना सपाट मापावर शेकडा 14 वाढीव धरण्याची रीत आहे. ती आधी माहीत नसली की मालकाला मिस्त्री लबाड वाटतो आणि मिस्त्रीला मालक कंजूष.

पैसे टप्प्याने द्यावेत. सामान दारात आल्यावर एक भाग, निम्मे काम झाल्यावर दुसरा, पूर्ण झाल्यावर तिसरा आणि दहावा हिस्सा पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवावा. मात्र राखायचे ते ठेकेदाराच्या नफ्यातून, मजुरांच्या घामातून नव्हे. त्यांची मजुरी आठवडी बाजारापूर्वी त्यांच्या हातात पडावी, ही अट कागदावरच घालावी.

कामाची वेळही ठरवावी. ज्या उन्हापासून आपण घर वाचवतो, त्याच उन्हात माणूस तासन् तास छपरावर बसवणे हा क्रूर विनोद आहे. सकाळी अकरापर्यंत आणि चार वाजल्यानंतर काम चालावे. सिमेंटचा पत्रा वजनाने अचानक फुटतो. त्यावर फळ्या टाकूनच चालावे, दोर बांधावा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉस असते. तो कोरडा घासू नये. त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. चुना भिजवताना उकळतो आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. शिवाय बांधकाम कामगारांसाठी 1996 साली कायदा झाला आणि त्यानुसार 2011 साली महाराष्ट्रात कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. तेथील नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मिस्त्रीने तो आपल्या माणसांना द्यावा, असे त्याला आग्रहाने सांगावे.

काम तपासायची रीतही सोपी आहे. कामापूर्वी आणि नंतर, सारख्याच उन्हाच्या दिवशी, दुपारी तीन वाजता एक थर्मामीटर घरात आणि एक बाहेर सावलीत टांगावा. दोहोंतील फरक लिहून ठेवावा. कोबा केला असेल तर त्यावर दोन दिवस पाणी साठवून खालून ओल येते का ते पाहावे. वाद राहत नाही.

कुंडल हे प्रतिसरकारचे गाव. 1943 ते 1946 या काळात या मुलखात गावची भांडणे लोकांसमोर, उघड्यावर मिटत असत. आपल्या लहानशा छपराच्या करारालाही तोच न्याय लावावा. कागद तयार झाला की तो मिस्त्रीच्या आणि बिगाऱ्यांच्याही समोर मोठ्याने वाचावा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही आपली मजुरी किती आणि कधी, हे कानांनी कळावे. मग छप्पर गार झाल्यावर त्याखाली झोपताना आपल्या मनालाही टोचणी राहणार नाही.