साथीचे आकडे आणि लसीचे टक्के

वैद्यकीय महाविद्यालयात असताना संख्याशास्त्र हा विषय आम्हां बहुतेकांच्या वाट्याला पी.एस.एम.च्या पेपरापुरताच आला. पार्क यांच्या जाडजूड ग्रंथातील ती प्रकरणे परीक्षेच्या आदल्या रात्री नजरेखालून घालावयाची आणि पुढे आयुष्यभर तिकडे फिरकावयाचे नाही, अशीच रीत होती. २०२० च्या मार्चनंतर मात्र, आम्ही जे विसरलो होतो ते काचीगुड्याच्या भाजीबाजारात ऐकू येऊ लागले. पॉझिटिव्हिटी रेट, डबलिंग टाइम, एफिकसी हे शब्द घरोघरी पोहोचले. दुर्दैव एवढेच की शब्द पोहोचले, त्यांचे अर्थ मागे राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मग आता हा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण माझ्या दवाखान्यात रोज बसलेले असते. त्या दोन वर्षांत अर्धवट समजलेल्या आकड्यांनी लसीविषयी जी शंका निर्माण केली, ती कोविडच्या लसीपुरती राहिली नाही. नऊ महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन आलेली सुशिक्षित माता आज मला विचारते, "डॉक्टरबाई, लस घेतलेलेच जास्त आजारी पडले म्हणतात, मग ही गोवराची तरी द्यायलाच हवी का?" तिला रागावून उपयोग नाही. तिचा हिशेब कोठे चुकतो ते दाखवावे लागते. आपल्या स्मरणिकेच्या वाचकांत डॉक्टर आहेत तसे समाजातील अन्य जाणकारही आहेत. तेव्हा तो हिशेब येथे जरा सविस्तर मांडते.

माझ्या एका बालरुग्णाचे आजोबा बँकेतून निवृत्त झालेले. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यापासून ते एका लांबट वहीत रोजचे आकडे उतरवीत. एका स्तंभात नवे रुग्ण, दुसऱ्यात मृत्यू, तिसऱ्यात बरे झालेले. स्वयंसेवकांनी चालविलेले एक देशव्यापी संकलन त्या काळी उपलब्ध होते (ते ऑक्टोबर २०२१ अखेर बंद झाले), त्यावरून ते रात्री आकडे घेत. दर सोमवारी-मंगळवारी त्यांचा उत्साही फोन येई: "साथ ओसरू लागली!" आणि गुरुवारी तोच स्वर पडलेला असे. मी त्यांना वहीत चौथा स्तंभ आखावयास सांगितले: त्या दिवशी चाचण्या किती झाल्या? रविवारी प्रयोगशाळांत नमुने कमी येत, म्हणून सोमवारी रुग्ण कमी दिसत. विषाणू काही साप्ताहिक सुट्टी घेत नव्हता. चौथा स्तंभ आल्यावर आजोबांचे सोमवारचे फोन थांबले. पुढे ते सात दिवसांची सरासरी काढू लागले. बँकेतील माणूस, त्याला अधिक सांगावे लागले नाही.

चाचण्यांचा हा मुद्दा आपल्या राज्यात तर न्यायालयापर्यंत गेला. २०२० मध्ये चाचण्या अपुऱ्या असल्याबद्दल तेलंगण उच्च न्यायालयाने शासनास वारंवार जाब विचारला. शोधलेच नाही तर सापडणार काय? म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्ये शंभर चाचण्यांमागे बाधित किती निघतात, या प्रमाणावर भर दिला आणि ते किमान दोन आठवडे ५ टक्क्यांच्या खाली असावे असे सुचविले. हे प्रमाण वाढत असेल आणि रुग्णसंख्या मात्र स्थिर असेल, तर साथ स्थिर नसून आपली नजर तोकडी पडत आहे असे समजावे.

नजर किती तोकडी होती, हे आयसीएमआरच्या रक्तद्रव सर्वेक्षणांनी दाखविले. २०२० चा डिसेंबर आणि २०२१ चा जानेवारी या काळातील तिसऱ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सुमारे २१ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. म्हणजे पंचवीस कोटींहून अधिक लोकांना संसर्ग होऊन गेला होता, आणि नोंदलेले रुग्ण होते एक कोटीच्या थोडे वर. प्रत्येक नोंदलेल्या रुग्णामागे वीस-पंचवीस न नोंदलेले. जून-जुलै २०२१ च्या चौथ्या सर्वेक्षणात हे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेले, आणि त्यात सहा वर्षांपासूनची मुलेही होती. मुलांना कोविड होत नाही, ही त्या वेळची समजूत त्या दिवशी संपावयास हवी होती. मुलांना तो मोठ्यांइतकाच होत होता; गंभीर स्वरूपात मात्र क्वचित.

मृत्यूचा आकडा हा त्याहून नाजूक विषय. छेदात केवळ नोंदलेले रुग्ण घेतले तर मृत्युदर भयंकर दिसतो, सर्व बाधित घेतले तर तो पुष्कळ खाली येतो. दोन्ही टक्के एकाच दिवशी, एकाच शहराविषयी खरे असू शकतात. शिवाय अंशातील मृत्यू तरी पूर्ण मोजले गेले होते काय? जून २०२१ मध्ये बिहारने फेरतपासणीनंतर सुमारे चार हजार मृत्यू एकदम जोडले आणि देशाचा त्या दिवसाचा आकडा सहा हजारांच्या वर गेला. त्या चोवीस तासांत सहा हजार माणसे गेली, असा त्याचा अर्थ नव्हता. ती आधीच गेली होती, कागदावर त्या दिवशी आली.

अशा वेळी ज्येष्ठ संख्याशास्त्रज्ञ एक साधा मार्ग सांगतात. मृत्यूचे कारण बाजूस ठेवा आणि एरवीच्या वर्षी किती माणसे दगावतात व या वर्षी किती दगावली, एवढेच पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये या रीतीने २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. त्या दोन वर्षांतील अधिकृत कोविड मृत्यू पाच लाखांच्या आत होते. भारत शासनाने त्या पद्धतीवर आक्षेप घेतला. पुढे मे २०२५ मध्ये आपल्याच नागरी नोंदणीचे २०२१ चे आकडे प्रसिद्ध झाले. २०१९ मध्ये सुमारे ७६ लाख मृत्यू नोंदले गेले होते, २०२० मध्ये ८१ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. यातील काही वाढ नोंदणी सुधारल्याची आहे, हे मान्य. परंतु एका वर्षात वीस लाखांची उडी केवळ नोंदणी सुधारल्याने पडते, हे मला पटत नाही. ऑक्सिजनसाठी धावणारी ती एप्रिल-मेची शहरे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

आता लसीकडे वळू. या विषयात आम्हां हैदराबादकरांना घरचा जिव्हाळा आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने वेगळा केलेला विषाणू आणि शामीरपेठजवळच्या जिनोम व्हॅलीतील भारत बायोटेकचा कारखाना, यांतून कोव्हॅक्सीन आली. पहिल्या टप्प्याच्या चाचणीच्या केंद्रांत आमचे निम्स रुग्णालय होते, तसे बेळगावचेही एक रुग्णालय होते. जुलै २०२० च्या आरंभी आयसीएमआरच्या एका पत्रात १५ ऑगस्टपर्यंत लस आणण्याचा मनोदय व्यक्त झाला, तेव्हा अनेक शास्त्रज्ञांनी हरकत घेतली. ती हरकत देशप्रेम कमी असल्यामुळे नव्हती. लसीच्या चाचणीत घाई करून चालत नाही असा एक भाग असतो, आणि तो प्रयोगशाळेत नसून समाजात असतो.

तो भाग असा. पहिल्या टप्प्यात कोव्हॅक्सीन ३७५ जणांना देऊन पाहिली, दुसऱ्यात ३८० जणांना. येथे सुरक्षितता आणि प्रतिपिंडे पाहावयाची. तिसऱ्या टप्प्यात २५ रुग्णालयांतून सुमारे २५,८०० स्वयंसेवक घेतले. अर्ध्यांना लस, अर्ध्यांना लसीसारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य. कोणाला काय दिले हे ना त्यांना ठाऊक, ना सुई टोचणाऱ्याला. त्यानंतर करावयाचे काय? थांबावयाचे. कोणालाही मुद्दाम आजारी पाडता येत नाही. लोक आपापल्या गावी, आपापल्या कामावर जातात. त्यांतील काहींना रोग गाठतो. आजारी पडलेल्यांची ठरविलेली संख्या भरली म्हणजे पडदा उघडावयाचा आणि ते कोणत्या गटातील आहेत ते पाहावयाचे. साथ मंदावली की चाचणी लांबते, भडकली की लवकर आटोपते; लस किती लवकर सिद्ध होणार हे बऱ्याच अंशी शास्त्रज्ञांच्या हाती नसते. कोव्हॅक्सीनला ३ जानेवारी २०२१ रोजी मर्यादित परवानगी मिळाली ती हा पडदा उघडण्यापूर्वी, आणि त्यावर वाद झाला तो योग्यच होता. ३ मार्चला पहिला अंतरिम निष्कर्ष आला: आजारी ४३, त्यांतील ३६ निष्क्रिय द्रव्य घेतलेले व ७ लस घेतलेले. वृत्तपत्रांनी ठळक छापले, '८१ टक्के प्रभावी'. अंतिम विश्लेषणात आजारी १३०; लसगटातील ८,४७१ जणांपैकी २४ आणि दुसऱ्या गटातील ८,५०२ जणांपैकी १०६. टक्केवारी ७७.८.

या ७७.८ टक्क्यांचा अर्थ 'शंभरांपैकी बावीस जणांना लस घेऊनही कोविड झाला' असा नाही, जरी बहुतेक लोक तो तसा घेतात. लसगटात आजारी पडले ते हजारी तीनसुद्धा नव्हते. अर्थ एवढाच की लस नसती तर जेथे शंभर जण आजारी पडले असते, तेथे सुमारे बावीस पडले. फायझरच्या चाचणीत त्रेचाळीस हजारांवर माणसे होती; त्यांत आजारी १७०, पैकी १६२ व ८ अशी वाटणी, म्हणून ९५ टक्के. गंभीर आजाराबाबत कोव्हॅक्सीनचा आकडा ९३.४ टक्के होता, पण तो केवळ सोळा रुग्णांवर आधारलेला (पंधरा व एक). एवढ्या थोड्या संख्येवरचा टक्का हलका असतो, वाऱ्याने हलतो. म्हणूनच शोधनिबंधात त्याची शक्य मर्यादा ५७ पासून ९९.८ पर्यंत दिली होती. हे वृत्तपत्रात छापले गेले नाही. छापावयास जागा किती लागली असती?

आणखी एक. टक्का जास्त तीच लस चांगली, हे लग्नाच्या पत्रिकेतील गुण मोजण्यासारखे झाले. हैदराबादेतच तयार होणारी रोटाव्हॅक ही अतिसाराची लस घ्या. दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथील ६,७९९ बाळांवरील चाचणीत पहिल्या वर्षात तिचे संरक्षण ५६ टक्क्यांच्या आसपास भरले. परंतु रोटाव्हायरसने देशात प्रतिवर्षी सुमारे ७८ हजार बालके दगावत, असा त्या काळचा अंदाज होता. त्यांतील निम्मी जरी वाचली तरी ती किती होतात! २०१६ पासून ती राष्ट्रीय लसीकरणात आली.

आता त्या मातेच्या प्रश्नाकडे: लस घेतलेलेच जास्त आजारी पडले, हे कसे? एक काल्पनिक नगर घेऊ. एक लाख वृद्ध, त्यांतील नव्वद हजारांनी लस घेतली, दहा हजारांनी नाही. लस नसेल तर शंभरांत एकाला रुग्णालयात जावे लागते असे धरू, आणि लस त्यातील नव्वद टक्के टाळते. लस न घेतलेल्या दहा हजारांतून शंभर जण दाखल होतील. लस घेतलेल्या नव्वद हजारांतून, एरवी नऊशे झाले असते, तेथे नव्वद होतील. वॉर्डात फिरणारा डॉक्टर पाहतो की जवळजवळ निम्मे रुग्ण लस घेतलेले आहेत! त्याचे निरीक्षण खरे. पण त्यावरून लस निरुपयोगी ठरविणे चूक. जे आठशे दहा घरीच राहिले, ते वॉर्डात मोजावयास कसे सापडणार? लसीकरण जितके पूर्णत्वास जाईल तितके रुग्णांत लस घेतलेल्यांचे प्रमाण वाढणारच. सर्वांनी घेतली तर ते शंभर टक्के होईल.

दुष्परिणामांचाही असाच हिशेब आहे. अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीमुळे, म्हणजे आपल्याकडील कोव्हिशील्डच्या जातीच्या लसीमुळे, क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होतात, हे २०२१ च्या वसंतातच युरोपात जाहीर झाले होते. ब्रिटनमध्ये हे प्रमाण पहिल्या मात्रेनंतर साधारणतः लाखात एक-दोन असे. ते खरे आहे, लपविण्यासारखे नाही. तरुणांसाठी काही देशांनी दुसरी लस निवडली ती यामुळेच. परंतु एप्रिल-मे २०२४ मध्ये कंपनीने इंग्लंडच्या न्यायालयात दिलेली कबुली बातम्यांत झळकली, आणि तीन वर्षांपूर्वी लस घेतलेली माणसे प्लेटलेट तपासून घेण्यास धावली. हा विकार होतो तो लस घेतल्यापासून चार दिवस ते सहा आठवडे या काळात. २०२४ मध्ये त्यांना त्याची भीती बाळगण्याचे काहीच कारण नव्हते. त्या आठवड्यात माझ्याकडे मुलांपेक्षा त्यांचे वडीलच अधिक शंका घेऊन आले.

या साऱ्या गोंधळाची किंमत बालकांनी मोजली. टाळेबंदीत नियमित लसीकरण मागे पडले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये भारतात सुमारे २७ लाख बालकांना त्रिगुणी लसीची एकही मात्रा मिळाली नव्हती. पुढील वर्षी ही संख्या ११ लाखांवर आली, ही आपल्या आशाताई आणि परिचारिकांची करामत. तरी मधल्या काळात जी बालके सुटली ती रोगाने बरोबर हेरली: २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवर उसळला आणि काही बालके दगावली. गोवर थोपविण्यासाठी समाजातील ९५ टक्के बालकांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. येथे हा टक्का लसीच्या गुणाचा नसून आपल्या वस्तीचा आहे, आणि तो पाहण्यासाठी कोणत्याही संकलनाची गरज नाही. घरातील लसीकरणाचे कार्ड काढावे. पहिली मात्रा नऊ ते बारा महिन्यांस, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांस. बहुधा चुकते ती दुसरी, कारण तोवर बाळ चालू लागलेले असते आणि कार्ड कपाटात गेलेले असते. चुकली असल्यास पाच वर्षांपर्यंत ती सरकारी केंद्रात विनामूल्य मिळते.